आल्याच्या चहातला ससा

ससा चहात बुडवायचा असेल तर त्यात साखर घालू नये, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. (तसा विषयच निघाला नव्हता.)

या सगळ्याचं मूळ इव्हान. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सोव्हिएत युनियन नुकतंच फुटलं होतं आणि तिकडची माणसं पोटापाण्यासाठी कुठे कुठे पांगत होती. त्यातला हा सहा फुटी सुतार बहारीनला, सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन पडला. मी तिथे पर्चेस बघायचो. इव्हान युक्रेनमधला हुत्सुल. हुत्सुल म्हणजे कार्पेथियन डोंगरांत राहणारे लोक. मेंढ्या पाळायच्या, लाकडावर नक्षी कोरायची आणि जंगलाला घरातल्या वडीलधाऱ्यासारखं मानायचं. हिंदी तो मल्याळी सुतारांकडून शिकला होता, त्यात अरबीची फोडणी. मला त्याची दया आली आणि एका शुक्रवारी मी त्याला हूरा भागातल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला आणलं. दया करू नये माणसाने!

कारण तोपर्यंत आमच्या घरात जंगलातला माणूस एकच होता. मी. आमचं गाव राजापूरजवळ. माझी नऊ वर्षांची लेक रेवा रोज झोपताना एकच गोष्ट मागायची: परसात बिबट्या आला आणि आठ वर्षांच्या बाबाने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. बिबट्या दरवर्षी हातभर वाढत होता, तरी तिची तक्रार नव्हती.

इव्हान जेवला, बोटं चाटली आणि सांगायला लागला. पहाटे हरणं बघायला जाताना राख उडवून वारा कसा बघायचा, झाड तोडण्याआधी त्याची परवानगी कशी मागायची, अस्वलाचं नाव जंगलात का घ्यायचं नाही. त्याला 'मामा' म्हणायचं!

"मामा?" माझी बायको माधवी हरखलीच. "अहो, म्हणजे आपल्यासारखंच की!"

पुढच्याच महिन्यात राखीपौर्णिमा होती. तिने इव्हानला राखी बांधली. झालं! रेवाला दोन मामा मिळाले, एक अस्वल आणि एक इव्हान. बाप मात्र एकच, तोही पर्चेस क्लार्क.

त्या आठवड्यापासून बिबट्याची गोष्ट बंद. "बाबा, इव्हानमामा कॅन टेल एव्हरीथिंग फ्रॉम द पॉटी!" लेकीच्या डोळ्यांत जी चमक माझ्यासाठी असायची ती आता लेंड्यांच्या अभ्यासासाठी होती. खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट झाला. वर्कशॉपमध्ये त्याने मागितलेलं सागवान मी चार दिवस उशिरा मागवलं.

मग इव्हानने जाहीर केलं, "शुक्रवार, सुबह, पहाड़। जानवर देखेगा।"

बहारीनमध्ये पहाड म्हणजे जबल दुखान. आमच्या गावच्या देवळामागची टेकडीसुद्धा त्याला धाकटा भाऊ म्हणाली असती. तिथे फार तर घोरपडीसारखे सरडे आणि दिसलाच तर वाळवंटी ससा. पण दिसला तर तो माझ्यामुळे दिसावा, एवढीच माझी इच्छा होती.

मी खेडच्या दाऊदभाईंना गाठलं. त्यांचं हूऱ्यात किराणा दुकान, आणि घरी मुलांनी पाळलेला ससा.

"ससा हवाय? कशाला?"

"जंगलात सोडायला. एका दिवसात परत आणतो."

"येडा झालास की काय? आणि तो तर पांढरा आहे. वाळवंटात पांढरा ससा बघितलास कधी?"

मुद्दा बरोबर होता. म्हणून गुरुवारी दुपारी, माधवी आणि रेवा बाजारात गेल्यावर, मी चहा उकळला, कोमट केला आणि सशाला बादलीत बसवलं. रंग झकास आला! हेअर ड्रायरने वाळवला, कोथिंबीर भरवली आणि खोक्यात घालून गच्चीवर ठेवला. फक्त हात सवयीचा. उकळताना त्यात साखर आणि आलं कधी पडलं ते मला कळलंच नाही.

शुक्रवारी पहाटे आम्ही चौघं जबल दुखानच्या पायथ्याशी. इव्हानने एका दगडावर पाव आणि मीठ ठेवलं, डोंगराला नमस्कार केला. "अब बैठो. बात मफी. हिलना मफी." (मफी म्हणजे 'नाही', ही त्याची अरबी फोडणी.)

बसलो. दहा मिनिटांनी मी पोट धरून कुजबुजलो, "मी जरा तिकडे जाऊन येतो." पहाटेच गाडीच्या डिकीत लपवलेला खोका काढला, एका खडकामागे ससा सोडला आणि सज्जनासारखा परत येऊन बसलो.

इव्हानने नाक वर केलं. वारा हुंगला. कपाळाला आठी. "अजीब है। इधर कोई जानवर चाय पीता।"

"तिकडे बघा!" मी घाईघाईने बोट दाखवलं. "ससा! वाळवंटी! मला वाटलंच होतं!"

खडकामागून जे बाहेर आलं ते बघून मीच हादरलो. साखरेच्या पाकाला सगळी वाळू चिकटली होती. जागोजागी केस उभे. मागे मुंग्यांची रांग!

"अगं बाई, हे काय?" माधवी किंचाळली. जंगलाचे नियम खलास.

ते जनावर थांबलं, त्याने आम्हाला न्याहाळलं आणि ते टुणटुण उड्या मारत थेट माझ्या बुटावर येऊन बसलं. खिशातली कोथिंबीर त्याच्या ओळखीची होती. रेवाने त्याला उचललं. हात तपकिरी. तिने हात हुंगला.

"बाबा. इट स्मेल्स लाइक युअर टी."

माधवीने वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की लग्नाची अकरा वर्षं तिला एकदम समजली. "तरीच चहाची पावडर संपली! अहो, आलंपण घातलंय?"

इव्हान हसला असता तर मी त्याला माफ केलं नसतं. पण तो हसला नाही. दगडावरचा पाव मोडून त्याने सशापुढे धरला आणि गंभीरपणे म्हणाला, "जानवर खुद आया। हमारे यहाँ बोलते, आदमी अच्छा है।" आता बोला! भांडायलाही जागा ठेवली नाही या माणसाने.

परतताना गाडीत रेवा मागे सशाच्या अंगावरच्या मुंग्या काढत होती. वाटेतलं रिफा गाव मागे पडलं तेव्हा तिने विचारलं, "बाबा, तुझा तो बिबट्या... वॉज ही ऑल्सो टी?"

आरशात तिचे डोळे दिसले. मला थाप मारवेना.

"बिबट्या खरा होता, बाळा."

"अँड यू सॉ हिम?"

"मी पाण्याच्या पिंपात होतो. झाकण लावून. बघितला माझ्या मामाने."

माधवी खिडकीकडे तोंड करून हसत होती. रेवा अशी खिदळली की ससा दचकला. "पिंपात? बाबा, टेल मी! पहिल्यापासून सांग!"

सांगितली. तेव्हापासून रोज तीच गोष्ट लागायची आणि माझी जागा मला परत मिळाली. मात्र इव्हानमामा जेवायला आला की ती करूनही दाखवावी लागायची, आणि पिंप म्हणून त्याने वर्कशॉपमध्ये माझ्या मापाचं एक सुबक लाकडी खोकं बनवलं. नक्षीसकट. लाकूड मीच मागवलं होतं, वेळेवर.