शिडावर मारलेली टॉर्च

माझ्या शाळेपासूनच्या दोस्तानं, संघर्षनं, माझ्या मोटरचं ऑटो बंद करून ठेवलं आणि माझा गहू एक पाळी कोरडा राहिला. आमच्या जानेफळात लाईन गेली की कोणी बटण बंद करत नाही. बल्ब, पंखा, टीव्ही, सगळं चालूच ठेवायचं. नाहीतर लाईन आली हे कळणार कसं? विहिरीवरच्या मोटरला तर ऑटो लावलेलं असतं, लाईन आली की ती आपोआप सुरू होते आणि माणूस घरी निवांत. हा शहाणा मात्र लाईन गेली की फिरत सुटतो आणि हात पोचेल तिथलं बटण बंद करतो. स्वतःच्या घरचं झालं, शेजाऱ्याचं झालं, काल माझ्या शेतातलं. संध्याकाळी मी त्याला झापायलाच निघालो.

हा पहिल्यापासूनच एका जागी न टिकणारा. शाळेत बाकावर बसला तरी पाय हलत असायचे. मेहकरला वायरमनचं शिकला, गावातल्या मोटरी दुरुस्त केल्या आणि एक दिवस गोव्याला बोटींच्या वायरिंगच्या कामाला निघून गेला. पैनगंगेपेक्षा मोठं पाणी ज्यानं पाहिलं नव्हतं, तो फोनवर दर्याच्या गोष्टी सांगू लागला. मागल्या दिवाळीनंतर तिथली एक शिडाची बोट मुंबईला पोचवायची होती. मालवणचा म्हातारा कप्तान आणि हा, दोघंच निघाले.

बोटीवर वीज येते ती सोलर प्लेटवरून बॅटरीत. दुसऱ्या सकाळी कप्तान रात्रभर जागून झोपला होता, तेव्हा चार्जिंगचा दिवा विझलेला संघर्षला दिसला. तो लगेच वायरी तपासायला बसला, पण बाकी एकही बटण त्यानं बंद केलं नाही. फ्रिज, पंखा, रेडिओ, सुकाणू धरणारं यंत्र, सगळं चालू. बॅटरीत आहे तेवढंच आहे, हे डोक्याला ठाऊक होतं. हाताला मात्र गावाकडची सवय. मिठानं खाल्लेला जोड सापडेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि बॅटरी पार बसली होती.

कप्तानानं उठून इंजिनाची किल्ली फिरवली. टक् झालं, एवढंच. रेडिओ मुका, डोलकाठीवरचा दिवाही गेलेला.

"सगळं चालू का ठेवलंस?"

"लाईन आली तं कळाले पायजे म्हनून."

"अरे, इथे कुठे आहे तुझ्या गावची विजेची डीपी? कोण पाठवणार लाईन?"

दिवेलागणीला मालाचं एक मोठं जहाज थेट त्यांच्या रोखानं येताना दिसलं. वारा पडलेला, बोट जागची हलेना. आपण त्यांना दिसलो नाही तर जहाज अंगावरून जाईल आणि त्यांना पत्ताही लागणार नाही, असं कप्तानानं सांगितलं. बोटीवरची टॉर्चही उतरलेली. संघर्षनं आपली पिशवी उपसली. रातच्या ओलिताला डोक्याला बांधतो ती टॉर्च त्यानं सोबत नेली होती. आमच्याकडचा माणूस विजेच्या भरवशावर घराबाहेर पडत नाही. ती त्यानं जहाजाकडे रोखली. एवढ्या पसाऱ्यात तो काजवाच.

"त्यांच्याकडे नको, शिडावर मार," कप्तान म्हणाला.

पांढरं शीड उजळलं. संघर्ष सारखा विचारत होता, "दिसलो का, सायेब? दिसलो का आपन?" बऱ्याच वेळानं जहाजाचं तोंड हळूहळू वळलं. त्याच्या लाटेनं दोघंही आडवे झाले, तरी टॉर्च शिडावरच होती. शेवटी कप्तानानं ती त्याच्या हातातून सोडवून घेतली. पुढे ऊन आलं, बॅटरी भरली, बोट मुंबईला लागली. हा तिथूनच गावी परतला.

हे मला त्याच्या बायकोनं, महामायानं सांगितलं होतं. तो स्वतः बोलत नाही, नुसता येरझारा घालतो. तरी माझा राग होताच. दर्यातली चूक दर्यात. माझ्या गव्हानं याचं काय घोडं मारलं होतं?

त्यांच्या गल्लीच्या मोडावर आलो आणि लाईन गेली. सगळं गाव काळंठिक्कर, फक्त संघर्षच्या घराची चुन्याची भिंत उजळली. जवळ गेलो तर हा अंगणात उभा राहून भिंतीवर टॉर्च मारत होता. महामाया पिठाचे हात घेऊन दारात उभी होती.

"अंधारात लाईन गेली का रोज असंच करतेत, भाऊ," ती हळूच म्हणाली. "मी काई म्हनत नाही."

माझी पावलं ऐकूनही त्यानं भिंतीवरची नजर काढली नाही.

"कोन, भागवत का?"

"हाव."

"मोडावरून दिसलो का बे तुले?"

गव्हाचं बोलायला मी तोंड उघडलं होतं. मी मागे वळून मोडाकडे पाहिलं.

"दिसला ना," मी म्हणालो. "पार मोडावरून दिसून राह्यला होता."

तेव्हा कुठे त्यानं टॉर्च बंद केली.