वारा असेल, म्हणतो तो शिपाई

आमचे हे दुपारी जेवले की खाटेवर पडतात आणि मोबाइलवर तो चोरून शिरायचा गेम खेळतात, आमची चार वर्षांची पोरगी त्यांच्या पोटावर बसून पाहते. भांडी घासता घासता मीपण पाहायची, पण मला काही समजायचंच नाही. गोदामाभोवती बंदूकवाले शिपाई फिरतात, त्यांची नजर जमिनीवर पिवळ्या पट्ट्यासारखी दिसते, आणि त्या पट्ट्याच्या वीतभर बाहेर माणूस बसला तरी त्यांना दिसत नाही! जोडीदार मरून पडलेला पाहिला की शिपाई लाल होतो, ओरडतो, पळतो, आणि दहा मोजेपर्यंत परत जांभया देत फिरायला लागतो.

"अहो, त्याच्या पायाशी मढं पडलंय ना? मग हा विसरला कसा?"

"गेम आहे तो. तू तुझी कढई घास."

विसरताना शिपाई काहीतरी इंग्रजीत बोलायचा. हे जाड आवाज काढून पोरीला मराठीत म्हणून दाखवायचे, "काही नाही रे, वारा असेल!" पोरगी खदखदा हसायची. आमच्या सासूबाई पाठमोऱ्या बसूनसुद्धा सांगतात मी चहात साखर किती टाकली, मग तो बंदूकवाला असा कसा?

त्या दिवशी बागेत केळीची कापणी होती. हे पंपाचा पार्ट आणायला यावलला गेलेले. ट्रकमध्ये घड भरून झाले, वरून पाला टाकला, ड्रायव्हरनं गाडी चालू केली, आणि मी मागं पाहिलं तर पोरगी नाही.

माझं माहेर धुळ्याकडचं, घाबरले की तोंडातून तिकडचंच निघतं. "कथा गई वं माय, कुठं गेली!" करत मी ओळीओळीतून पळाले, बठ्ठी बाग या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथी घातली, विहिरीत वाकून पाहिलं. मग ट्रककडं नजर गेली. खाली पाला अंथरताना ती आत शिरली असेल तर? वर एवढे घड. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले.

"हटो दीदी, टाइम हो रहा है."

"अवं, भरलेली गाडी रिकामी करायला लावते का?" सासूबाई म्हणाल्या. "असेल इथंच कुठं."

"बाहेर निघ, नाही तर पाय तोडीन!" मी ओरडले, आणि ओरडता ओरडताच थांबले. असंच तर तो शिपाई करतो. तो लाल असतो तोवर लपलेला माणूस श्वाससुद्धा घेत नाही.

मी जाड आवाज काढायला गेले, तर रडका निघाला. "काही नाही रे, वारा असेल." पाठ फिरवली. खोटी जांभई दिली.

"डोकं फिरलं हिचं," सासूबाई ड्रायव्हरला म्हणाल्या.

मी मोजायला लागले. तीन, चार. गाडी घरघरत होती. ती आत असली आणि मी इथं जांभया देत उभी, काय करतेय मी हे? सहा. मागं वळावंसं वाटत होतं, वळले नाही. आठला पैंजण वाजलं.

बांधावर ठिबकच्या जुन्या नळ्यांचं वेटोळं पडलेलं, त्यातून निघाली. मी त्याच्याजवळून तीनदा गेले होते. तीनदा! मग माझी नजर कुठं होती?

मी तिचा दंड पकडला. मारू की उराशी धरू कळेना, दोन्ही केलं.

"सोड ना आई. दहा झाले. आता तू विसरायचं असतं."

"मी नाही विसरत."

"का?"

ती माझ्याकडं अशी पाहत होती, जणू मीच खोटं खेळले. आणि खेळलेच होते. पुढच्या वेळी लपली आणि मी वारा म्हटलं तर ती निघेल का? ट्रक सावद्याच्या रस्त्याला लागला, धूळ बसली, तरी माझी बोटं तिच्या दंडावरून सुटेनात.