झडती घेणारा

माझ्या उभ्या आयुष्यात आमच्या राजाइतका संशयी प्राणी मी पाहिला नाही. आणि हे सांगणारा माणूस तेहतीस वर्षं अंबडच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता, म्हणजे संशयाचाच पगार खात होता. सुटीच्या भोंग्यानंतर माणसं रांगेनं बाहेर यायची आणि मी पिशव्या, डबे, खिसे तपासायचो. डब्यात वर मेथीची भाजी आणि खाली तांब्याची तार असली, तर माणसाच्या चालण्यावरून मला कळायचं. पण राजापुढं मी कोणीच नाही. राजा म्हणजे आमचा कुत्रा. रंग मातकट, एक कान फाटका, आणि शेपूट कायम अर्धी वर, म्हणजे हलवायची का चावायचं याचा निर्णय राखून ठेवलेला. मी सकाळी दूध आणायला जाऊन दहा मिनिटांत परत आलो, तरी हा दारात उभा. आधी माझ्या चपलांचा वास, मग पिशवीचा, मग मान वर करून तोंडाकडं बघणार. गेलेला माणूस आणि आलेला माणूस एकच आहे याची खात्री पटल्याशिवाय त्यानं मला माझ्याच घरात कधी घेतलं नाही.

हे मी आज हसून सांगतोय. पण मार्गशीर्षात आमची ही गेली, आणि या संशयी प्राण्यानं शेवटी जेवणावरच संशय घेतला. तो जगतो का जातो अशी वेळ आली होती. तेच सांगायचं आहे, पण त्याआधी बाकीची मंडळी सांगितली पाहिजेत, कारण हे घर माझं कमी आणि त्यांचं जास्त आहे.

रस्त्यावर जे काही विव्हळत असेल ते हिच्या पदरात यायचं. मी कामावरून आलो की आधी विचारायचो, "आज कोण?" पहिली आली काणी. भाजीबाजारात बटाट्याच्या गोणीत सापडलेलं मांजराचं पिल्लू, एक डोळा गेलेला. एकाच डोळ्यानं बघते, पण त्यात दोन डोळ्यांचं काम करते. मी खुर्चीवरून उठलो की ती खुर्चीत, आणि मी परत आलो की अशी बघते की जणू मीच भाडेकरू आणि घर सोडायची नोटीस मला कधीच मिळालेली आहे. दुसरा भाऊसाहेब. हा बोका नाल्यातून काढला तेव्हा मुठीएवढा होता, आता दारातून तिरपा जातो. तो रोज दुपारी निघून जायचा आणि संध्याकाळी यायचा तेव्हा मानेला खोबरेल तेलाचा वास. आमच्या घरात त्याला तेल कोणी लावत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. एक दिवस गेलो त्याच्या मागं. तिसऱ्या गल्लीत एका बाईच्या मांडीवर साहेब दहीभात खात होते आणि तिथं त्यांचं नाव बबड्या होतं. मी घरी येऊन हिला सांगितलं, "तुझा भाऊसाहेब दोन घरं चालवतो."

"चालवू द्या," ही म्हणाली. "तुम्हाला एक चालवता चालवता नाकी नऊ आले."

तिसरी चिंगी, तीन पायांवर चालणारी कुत्री. सगळ्या जगावर तिचा विश्वास. गॅसवाला आला तरी लोळण, मीटर बघणारा आला तरी लोळण. म्हणून माझा सगळ्यात जास्त संशय तिच्यावर होता. गेटवरचा अनुभव सांगतो, जो स्वतःहून पिशवी उघडून दाखवतो त्याच्या कमरेलाच काहीतरी असतं. मी तिचं गोणपाट उचलून बघितलं. खाली माझी एक चप्पल, हिचा कंगवा, शेजाऱ्यांचा मोजा आणि वाळकी भाकरी, सगळं नीट ओळीनं लावलेलं. मी हिला म्हणालो, "बघ, माल सापडला." ही म्हणाली, "आता तिचं बयान पण घ्या," आणि गोणपाट जसं होतं तसं घालून ठेवलं.

राजा सगळ्यात शेवटी आला. ही ओझरला बहिणीकडं गेली होती, परत येताना आडगाव नाक्यावर हा पडलेला दिसला. तोंडाला फेस. कोणीतरी पावातून काहीतरी चारलं होतं. हिनं रिक्षा थांबवली. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, हे मेलेलं हाय." ही म्हणाली, "मग चावायचं नाय. चल." पंधरा दिवस चमच्यानं ताक पाजून हिनं त्याला उभा केला, आणि उभा राहिल्या राहिल्या त्यानं पहिलं काम काय केलं, तर माझ्यावर गुरगुरला.

तेव्हापासून घराची झडती त्याच्याकडं. घंटागाडी आली की हा फाटकात. कचरा नेणारा माणूस डबा उचलायचा, तर हा डब्याकडं बघायचा नाही, त्या माणसाच्या हाताकडं बघायचा, की कचऱ्यासोबत आणखी काही जातंय का. सिलेंडर आला की सिलेंडरच्या चारी बाजूंनी फेरी. भिंतीवर नवीन कॅलेंडर लावलं तर दोन दिवस त्याच्याखाली बसून राहिला. हिच्या दहाव्याला माणसं आली तेव्हा यानं दारात एकेकाला हुंगून आत सोडलं, आणि एका भाच्याला काही केल्या उंबरा ओलांडू देईना. हा भाचा हिला दवाखान्यात एकदाही बघायला आला नव्हता. लोक म्हणाले, कुत्र्याला बांधा. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

आणखी एक खोड म्हणजे तो नावाला ओ देत नव्हता. राजा म्हणा, राजू म्हणा, राजाभाऊ म्हणा, कान हलायचा नाही. मी म्हणायचो, हे याचं खरं नाव नाही, खरं लपवतोय, कुठल्यातरी ठाण्यात याची नोंद असणार. ही नुसती हसायची.

तर ही गेली. दवाखान्यातून आणली तेव्हा राजानं तिचाही वास घेतला. पायापासून डोक्यापर्यंत. नेहमीसारखं तोंडाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि जाऊन माझ्या खाटेखाली बसला. त्यानंतर तेरा दिवस घरात माणसांची गर्दी, कोण काय खातंय कोणाला पत्ता नव्हता. दहावं-तेरावं झालं, माणसं पांगली, आणि मग इगतपुरीहून आलेली माझी लेक म्हणाली, "आप्पा, राजाचं ताट कालचं तसंच आहे. परवाचं पण मी चिंगीला घातलं होतं." उचलून बघितला तर बरगड्या हाताला लागत होत्या. पाणी प्यायचा, पण अन्नाला तोंड लावायचा नाही.

मग सुरू झाली आमची खटपट. दूध ठेवलं, त्याकडं पाठ केली. मटणाचं पाणी करून भाकरी कुस्करली, ती काणीनं खाल्ली. मला वाटलं, याला एकदा विष चारलेलं आहे, आपल्या हातच्या खाण्याचा याला भरवसा नसणार. म्हणून मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि त्याच्याच ताटातली अर्धी भाकरी त्याच्या देखत खाल्ली. तो टक लावून बघत होता. खाऊन झाल्यावर पण बघतच राहिला. माझ्या ध्यानात आलं, मी मरतोय का ते बघत होता. मी काही मेलो नाही, तरी त्यानं खाल्लं नाही.

जनावरांचा डॉक्टर घरी येऊन गेला. त्याचीही झडती झाली, पण पडल्या पडल्या. उठायचं त्राण नव्हतं. डॉक्टर म्हणाला, "काका, आजार काहीच नाही. खात नाही एवढाच आजार. अजून दोन-तीन दिवस असाच राहिला तर माझ्या हातात राहणार नाही."

लेकीनं दुपारी विषय काढला. "आप्पा, चिंगीला आणि मांजरांना मी सांभाळीन. याला प्राण्यांच्या संस्थेत देऊ. तिथं सलाईन लावतील, माणसं असतात."

"तिथं त्याला कोण वळखतं?"

"इथं तरी कोणाला ओळखतो तो? तुमच्यावर सुद्धा भुंकतो."

"माझ्यावर भुंकतो म्हणजे मला वळखतो," मी म्हणालो. "मरायचं तर हितंच मरंल." आवाज चढला माझा. लेकीला कसं सांगणार, की चिंगी आणि मांजरं गेली की हिच्या हातची चव माहीत असलेले या घरात दोनच जीव राहणार, आणि त्यातला एक पण गेला तर मी हिची गोष्ट काढायची कोणाजवळ?

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. आमची आणि शेजाऱ्यांची भिंत एकच आहे. पलीकडून वहिनींनी त्यांच्या मालकांना हाक मारली, "अहो, पाणी आलं. मोटर लावा."

खाटेखाली खरखर झाली. तीन दिवस मान न उचललेला राजा उभा राहिला. पाय लटपटत होते. तो बाहेर आला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि कान टवकारून थांबला. पलीकडून पुन्हा आवाज आला, "अहो, ऐकू येतं का?" तसा तो आत गेला, ओट्याखाली बघितलं आणि तिथंच बसला.

"आप्पा, हा का उठला?" लेक म्हणाली.

मला एकदम सगळं कळलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात हिनं माझं नाव घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेही पुटपुटून. रेशनच्या रांगेत नाव विचारलं तर माझ्याकडं बोट करून "त्यांनाच विचारा". घरात मी अहो. जेवायच्या वेळी ही आतून म्हणायची, "अहो, ऐकलं का, या जेवायला," आणि आम्ही दोघं उठायचो, मी आणि राजा. मला वाटायचं, हा माझ्या ताटावर नजर ठेवायला येतो. मी हिला सांगायचोसुद्धा, बघ, आला मोजायला. तो कशाला मोजतोय. त्याला बोलावलं होतं म्हणून तो येत होता. राजा तर ही सगळ्यांनाच म्हणायची, नातवाला, बोक्याला, दूधवाल्याच्या पोराला, खा माझ्या राजा, ये माझ्या राजा. ते नाव आहे असं त्याला का वाटावं? त्याचं नाव अहो होतं. उलट त्यालाच रोज प्रश्न पडत असणार, की बाई मला हाक मारते आणि हा म्हातारा कशाला माझ्यामागून येतो.

लेकीला सांगितलं. ती हसली, मग रडली, मग डोळे पुसून तिनंच हाक मारली. "अहो, या." राजाचा कान हलला, पण तो बसूनच राहिला. माझी लेक नवऱ्याला नावानं हाक मारते, तिच्या तोंडात ते बसलेलं नाही. फोनवर कंपनीची बाई बोलते तसं आलं.

"तुम्हीच म्हणा," ती म्हणाली. "आयुष्यभर तुम्हीच ऐकलंय."

"मी? कुत्र्याला अहो म्हणू?"

"मग काय म्हणणार? नाव तेच आहे त्याचं."

मी तिला बाहेर पाठवलं. दार लोटून घेतलं. भाकरी कुस्करून ताट ठेवलं आणि म्हणालो, "अहो, ये." तो माझ्याकडं बघतही नव्हता. माझी चूक मला लगेच समजली. हिनं मला कधी ये म्हटलं होतं? मी डोळे मिटले. ती जशी म्हणायची, पहिला शब्द लांबवून आणि शेवटचा खाली टाकून, तसं म्हणालो, "अहो, ऐकलं का. या जेवायला. भाकर गार होतीय." बाहेर लेकीच्या हातातलं भांडं वाजलं आणि थांबलं. माझाच आवाज मला परका वाटला. आतून आल्यासारखा.

राजा उठला. ताटाकडं आला नाही. आधी दारामागं बघितलं, मग ओट्याखाली, मग खुंटीखाली उभा राहून वर बघितलं, तिथं हिचं स्वयंपाकाचं जुनं लुगडं असायचं. मग माझ्याजवळ आला, हाताचा वास घेतला, आणि गेटवर मी ज्या नजरेनं माणसाकडं बघायचो तसं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी हललो नाही. मग त्यानं मान खाली घातली आणि अर्धी भाकरी खाल्ली. सावकाश, मध्ये मध्ये थांबून. उरलेली संध्याकाळी खाल्ली.

याला आता आठ महिने झाले. लेक इगतपुरीला गेली, मांजरं आणि चिंगी इथंच राहिली, कारण ती न्यायला आली तेव्हा भाऊसाहेब दुसऱ्या घरी होते. मी दोन्ही वेळा हाक मारतो. एकदा भिंतीपलीकडून शेजाऱ्यांनी "आलो, आलो" म्हणून उत्तर दिलं आणि वहिनी कितीतरी वेळ हसत होत्या. मला त्याची लाज वाटेनाशी झाली आहे. राजा आता चांगला भरलाय, घंटागाडीवाल्याला पुन्हा छळतो. पण माझ्या हाकेवर त्याचा अजून पूर्ण भरवसा नाही. रोज हाक ऐकली की तो ताटाशी न येता आधी आत जातो, दारामागं, ओट्याखाली, खुंटीखाली सगळं नीट तपासतो. मी त्याला घाई करत नाही. त्याचं बघून होईपर्यंत घास उचलत नाही. तो एकटा परत आला, की मग आम्ही जेवतो.