बाईंच्या हातचा चहा

आमच्या विज्ञान-नियतकालिकाच्या संपादक बाईंना चहा करता येत नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. का येत नाही, हे कळायला मला मात्र दोन वर्षं आणि स्वतःचा एक लेख लागला. मी इंजिनिअर आहे. साध्या गोष्टी मला उशिरा कळतात.

ऑफिस म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या आणि ओटा असलेली एक बोळकांडी. आलेल्या लेखांची पानं लावणं, आकृत्या नीट बसवणं हे माझं काम. शुक्रवारी बैठक. तिथला नियम असा की लेखकाचं नाव आधी मोठ्यानं वाचायचं. ज्याची त्याच्याशी ओळख असेल, त्यानं उठायचं, बोळकांडीत जाऊन सगळ्यांचा चहा करायचा आणि हाक येईपर्यंत परत यायचं नाही. आकडेवारी तपासणारे सर, ज्यांना आम्ही शंकेखोर म्हणायचो, ते फक्कड चहा करायचे. निम्मे लेखक त्यांचे जुने विद्यार्थी होते.

बाई कधीच उठल्या नाहीत. लेखकांच्या लग्नाच्या आमंत्रणांना त्या दोन ओळींचं उत्तर पाठवायच्या आणि जायच्या नाहीत. कुणी पेन भेट दिलं, तर स्वतःच्या पैशांनी कुरियर करून परत. मी एकदा म्हणालो, "बाई, एवढं काय? पेनच तर आहे."

"उद्या त्याचा लेख वाचताना माझ्या हातात तेच पेन असेल ना."

हे जन्मभर लक्षात ठेवीन, असा चेहरा करून मी मान हलवली आणि पाच मिनिटांत विसरलो.

तर लेख. पंपाच्या आवाजावरून त्याचं बेअरिंग कधी बिघडणार, हे ओळखायची पद्धत मी शोधली होती. निदान मला तसं वाटत होतं. संशोधनाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता आणि लेख स्वीकारला गेला असता तर ती जागा जवळपास पक्की होती. मी लेख आमच्याकडेच पाठवला. बाई आहेत म्हटल्यावर आपली गाडी रुळावर, असा माझा हिशोब. तेव्हापासून मी त्यांची खुर्ची पुसत होतो. त्यांनी विचारलंही, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

शुक्रवारी माझंच नाव वाचलं गेलं. मी नम्रपणे, जरा जास्तच नम्रपणे, उठून बोळकांडीत गेलो. आधण ठेवतोय, तर मागे चपलांचा आवाज.

"सरक. साखर कुठे असते रे?"

"बाई! तुम्ही इथे? तुम्ही आत असायला हवं! माझी सगळी मदार तुमच्यावर होती."

"म्हणून तर बाहेर आले."

"पण आपलं काय नातं? मी साधा पानं लावणारा."

"दोन वर्षं माझ्या डब्यातली भाजी संपवतोयस. वर मीठ कमी आहे म्हणतोस. परक्या माणसाची हिंमत झाली असती?" त्यांनी चहापत्तीचा डबा अर्धा रिकामा केला. "आत बसले असते तर तुझ्या बाजूनं बोलले असते. लेख न वाचता."

मला एकाच वेळी रडू आणि राग आला. चेहरा बहुधा बिघडलेल्या बेअरिंगसारखा झाला असावा.

आतून शंकेखोरांनी हाक मारली. लेख परत आला होता. मी तीनच पंप ऐकले होते, तेही एकाच कारखान्यातले. "तीन पंपांचं गाणं ऐकून जगाचा सूर सांगतोस होय रे?" ते म्हणाले आणि बाईंच्या चहाचा एक घोट घेऊन त्यांनी कप लांब सरकवला. तो चहा गिळणं हीच मोठी शिक्षा होती.

त्या वर्षी माझा अर्ज लेखाशिवाय गेला आणि तसाच परत आला. मी कारखान्या-कारखान्यांत हिंडून पंपांना कान लावत बसलो. एका फोरमननं मला वेडा ठरवून बसायला स्टूल दिलं.

पुढच्या साली सुधारलेला लेख पुन्हा टेबलावर आला. नाव वाचताच बाई माझ्याआधी उठल्या आणि आम्ही दोघं बोळकांडीत गेलो. आत काय चाललंय ते ऐकायला मी भिंतीला कान लावला, तर त्यांनी माझ्या हातात गाळणी दिली.

"ते त्यांचं काम आहे. तू हे धर."

चहा तेव्हाही कडूच झाला होता. मी दोन कप प्यायलो.