बास गिटारचे पारखी

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाचा गिरगावात फोटो स्टुडिओ होता, आणि कुठलीही वस्तू फोटोत कशी दिसेल यापलीकडे त्याला तिच्यातलं काही कळत नसे. तोंडावर आम्ही त्याला भाऊ म्हणायचो, अहो-जाहो करायचो. इथे ते करायची गरज नाही.

मी तेव्हा एका विमा कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी या ऑर्केस्ट्रात डबल बास वाजवायचो. डबल बास म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन. उभं धरायचं आणि बोटांनी छेडायचं. गाण्याच्या तळाशी जो खोल आवाज असतो तो त्याचा. ते वाद्य मला शिकवलं खोताच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गृहस्थांनी. उमेदीची वर्षं त्यांनी बोटींवरच्या बँडमध्ये काढली होती. मी त्यांना अंकल म्हणायचो. वाद्यही त्यांचंच, मला वापरायला दिलेलं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. हातगाडीवर डबल बास आडवा घालून, वर चादर बांधून लालबागकडे निघालो की वाटेत मोर्चा नाहीतर सभा लागायचीच. एकदा परळच्या नाक्यावर पोलिसाने गाडी अडवली.

"कोणाला घेऊन चाललात?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

गोळीबाराच्या त्या दिवसांत तसा संशय येणं नवल नव्हतं. मी चादर बाजूला केली, तो ओशाळला आणि आम्हाला सोडलं. पण ही हकिगत भाऊच्या कानावर गेली आणि त्याने जाहीर करून टाकलं, "ते प्रेत आता बंद. आपण इलेक्ट्रिक बास आणायची. लहान, सुटसुटीत, गळ्यात अडकवली की झालं."

धोबीतलावाला गोव्याचे खलाशी उतरत अशा एका खोलीत दोन इलेक्ट्रिक बास गिटारी विकायला आल्या आहेत, ही बातमी अंकलनीच आणली. आम्ही तिघे गेलो. खलाशाने दोन्ही खाटेवर मांडल्या. एक पांढरीशुभ्र, सोनेरी पत्र्याची, साबणाच्या जाहिरातीसारखी चकचकीत. दुसरी तपकिरी, हात टेकतो तिथला रंग उडून आतलं लाकूड दिसणारी.

भाऊने पहिला प्रश्न केला, "चारच तारा? तुटलेल्या दोन घालून द्यायच्या हां."

"बासला चारच असतात साहेब," खलाशी म्हणाला. खाली मान घालून हसला बिचारा.

अंकलनी तपकिरी उचलली. सुतार फळी पाहतो तसा एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली. मग एकेक तार प्रत्येक पडद्यावर दाबून छेडली, अगदी सावकाश, खालपासून वरपर्यंत. शेवटी गिटारच्या कडेला दात टेकवले, तार छेडली आणि डोळे मिटून उभे राहिले.

भाऊ हसत सुटला. "अंकल, चावून बघताय काय? भूक लागली?"

"अरे मॅन, वीज नंतर," अंकल शांतपणे म्हणाले. "पहिलं लाकूड. लाकूड मेलेलं असलं तर वीज काय करणार?" आणि गिटार माझ्या हातात दिली. मीही दात टेकवले. एक सूर वाजवला, तो जबड्यातून कानामागे गेला आणि मी श्वास सोडेपर्यंत तिथेच राहिला. मला आजही तो आठवतो.

पांढरीची दांडी धनुष्यासारखी वाकलेली. मधल्या पडद्यापासून पुढे प्रत्येक सूर खर्र खर्र करत होता. दात टेकवले तर आत काही नाही, टेबल वाजवल्यासारखं.

भाऊ तोवर पांढरी गळ्यात घालून भिंतीवरच्या आरशापुढे उभा. एकदा डावा खांदा पुढे, एकदा उजवा.

"ही घ्यायची. फोटोत कसली उठेल!"

"भाऊ, दांडी वाकलीय. सूर लागणार नाही," मी म्हटलं.

"लोक दांडी बघायला येतात काय? आणि बासचा सूर ऐकतो कोण रे? मागे आपलं धुम धुम!"

हे वाक्य मी त्याला अजून माफ केलेलं नाही. पण तेव्हा मी गप्प बसलो, तेही स्वतःला माफ केलेलं नाही. पांढरी आमच्याबरोबर आली. पुढच्या आठवड्यात अंकलनी आपला अ‍ॅकॉर्डियन त्या खलाशाला दिला आणि बदल्यात तपकिरी घेतली.

काळाचौकीला चळवळीच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. आधी आमचा ऑर्केस्ट्रा, मग एका कलापथकाचे पोवाडे. स्टेजवर भाऊ गिटारला प्लग शोधत होता. ती इस्त्रीसारखी भिंतीत खुपसायची असते असा त्याचा समज! तिला अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठा स्पीकर लागतो, हे मी आणि अंकलनी दहादा सांगितलं होतं. शेवटी लाउडस्पीकरवाल्याने तिची वायर आपल्या यंत्राला जोडली आणि आवाज भोंग्यातून सोडला. भोंगा भाषणासाठी असतो. खोल सूर त्यातून बाहेरच येत नाही. मी पहिली तार छेडली आणि सबंध मैदानावर एक भलामोठा डास गुणगुणला.

लोक हसले. तासभर मी तो डास वाजवला. भाऊ बाजूला उभा राहून मला खुणावत होता, "हस, हस!"

कार्यक्रम उरकून खाली उतरलो तर कलापथकाचा ढोलकीवाला आपली पाळी यायची वाट पाहत पुढच्याच रांगेत बसला होता. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, चाळिशीचा माणूस.

"दादा, तुमचं ते उभं वाद्य कुठे गेलं?" त्याने विचारलं. "मागे लालबागला ऐकलं होतं. त्याचा आवाज इथे लागायचा." त्याने बरगड्यांखाली हात ठेवला. "हे काय आणलंत?"

भाऊ शेजारीच होता. मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "भाऊ, बासचा सूर कोण ऐकतो विचारत होतात ना? हे ऐकतात."

"माइकवाल्याची चूक आहे," भाऊ म्हणाला. मग माझ्या अंगावर धावला. "जा तू! बास वाजवणारे पन्नास मिळतील!"

एकही मिळाला नाही. मग त्याने पांढरी आपल्या मेव्हण्याच्या गळ्यात अडकवली. मेव्हण्याला सा कळत नव्हता. वायर कशालाच जोडलेली नसायची, तो नुसती बोटं हलवायचा. आणि आमची रसिक गिरगावकर मंडळी त्याला वन्स मोअर द्यायची! ऑर्केस्ट्रा जोरात चालला, हेही सांगून टाकतो. लग्नाच्या मोसमात त्यांना उसंत नसे.

मी अंकलकडे गेलो. आम्ही चोरबाजारातून थिएटरमधला एक जुना स्पीकर आणला, तो सागवानी कपाटात बसवला आणि ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून अ‍ॅम्प्लिफायर जोडून घेतला. तपकिरीचा पहिला सूर निघाला तेव्हा अंकलच्या लाकडी जमिनीतून तो माझ्या तळपायांना कळला. समोरच्या घरातल्या बाई बाहेर येऊन बघू लागल्या. अंकल खुर्चीत बसून नुसते "अजून, अजून" म्हणत राहिले.

ढोलकीवाल्याने मला कलापथकात ओढलं. त्यांचे शाहीर कुरकुरले, पोवाड्यात हे विलायती काय म्हणून. "एकदा ऐका, मग हाकला," ढोलकीवाला म्हणाला. तुणतुण्याचा जो सूर होता तोच मी खाली, खोलात धरला. शाहीर दोन कडव्यांनंतर मागे वळून माझ्याकडे बघत राहिले, आणि तिसरं कडवं विसरले.

राज्य झालं, सभा ओसरल्या. पण दर रविवारी सकाळी मी तपकिरी घेऊन ढोलकीवाल्याच्या वरळीच्या बीडीडी चाळीतल्या खोलीवर जात राहिलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली धान्याच्या डब्यावर अ‍ॅम्प्लिफायर, आणि चुलीपाशी त्याची बायको भाकऱ्या थापत असायची. एका रविवारी तिने पिठाच्या हातानेच आम्हाला थांबवलं.

"भाऊजी, ती जाडीच्या शेजारची तार गेली काय? महिनाभर तिचा आवाज लवकर विझतोय."

मी तार काढून पाहिली. आतून गंजली होती. ऑर्केस्ट्रात मी दीड वर्ष बेसूर वाजवलं असतं तरी एकालाही कळलं नसतं. नवी तार बोटीवरून यायला पावसाळा उजाडला. तोवर तीच परत चढवून, तिला टाळून वाजवत राहिलो, आणि मी चुकून तिच्यावर गेलो की चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबायचा.