हातच्याची वजाबाकी

माझ्या मुलीचं बरोबर आलेलं उत्तर मी एकदा जाणूनबुजून चूक ठरवलं. ती तेव्हा पाचवीत होती. आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, यात सांगण्यासारखं काय आहे? आठाचा सात केला, एवढंच. पण सहा वर्षं झाली, तो सात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आम्ही चिकलठाण्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. खाली घरमालकीण, तिला सगळे खाला म्हणतात. मी शेंद्र्याच्या एका कंपनीत मशीनवर आहे. पगार बँकेत जमा होतो, पण बायकोला बँकेतले पैसे पैशासारखे वाटत नाहीत. ती सातवीपर्यंत शिकलेली. लग्नात आलेला मसाल्याचा गोल डबा तिनं पैशासाठी ठेवला होता. त्यातल्या सात वाट्या म्हणजे आमचा महिना: भाडं, किराणा, दूध, गॅस, शाळेची रिक्षा, दवाखाना, आणि मधली वाटी मुलीच्या शिक्षणाची. पगाराच्या दिवशी मी एटीएममधून सगळी रक्कम काढून आणायचो आणि संध्याकाळी चहा झाला की ती नोटा वाट्यांत लावायची. मोजायचं काम मुलीचं. तिसरीपासून तिचं गणित त्या डब्यावरच पक्कं झालं होतं. "आई, दुधाच्या वाटीत पन्नास जास्ती झाले," असं ती नोटांना हात न लावता सांगायची. बायको म्हणायची, "लई हुशार गं माझी मुनीमबाई!"

त्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली होती. आमच्या लाइनवरच्या एका माणसाला पतपेढीतून कर्ज हवं होतं. सकाळच्या बसमध्ये तो माझ्यासाठी जागा धरून ठेवायचा. गेटबाहेरच्या टपरीवर त्यानं चहा सांगितला आणि फॉर्म काढला. "नुसती जामीनदाराची सही मारायची आहे भाऊ. तुला थोडंच काय द्यायचंय?" मी पेन हातात घेतलं, पण लगेच टेकवलं नाही. कारण लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी एका नातेवाइकासाठी अशीच सही केली होती आणि ती फेडताना बायकोची सोन्याची पोत गेली होती. तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली होती, "पुन्हा कुणाच्या कागदावर सही करू नका." मी हो म्हटलं होतं. तरी टपरीवर मला नाही म्हणता आलं नाही. रोज जागा धरणारा माणूस, पाजलेला चहा, चार जण बघतायत. भीड पडली. भीड ही गोष्ट फार महाग असते, पण ती त्या वेळी फुकटच वाटते.

तीन महिन्यांत त्यानं नोकरी सोडली आणि फोन बंद केला. पतपेढीवाले माझ्याकडे आले. महिन्याला हजार रुपये भरायचं ठरलं. घरी मी सांगितलं, "ओव्हरटाइम बंद झालाय." कंपनी पगाराची कागदी स्लिप द्यायची. तिच्या सगळ्यात खाली हातात येणारी रक्कम छापलेली असे. तेवढी पट्टी मी फाडायचो आणि बसच्या खिडकीतून सोडून द्यायचो. बाकीची स्लिप खिशात राहायची. वरचे आकडे घरात कोण बघणार, असं मला वाटायचं.

शाळेत मॅडमनी सांगितलं होतं, घरातला एखादा खरा कागद घ्या, बिल, पावती, काहीही, आणि त्यावर हातच्याची वजाबाकी तयार करून आणा. बायकोनं धुण्यासाठी काढलेल्या माझ्या शर्टाच्या खिशात मुलीला ती स्लिप सापडली. एकूण पगार बावीस हजार पाचशे चाळीस. कपात तीन हजार आठशे चाळीस. ती दारातच मांडी घालून बसली. मी शेजारी चहा पीत होतो. तिची पेन्सिल कुठे थांबते ते मला दिसत होतं.

"आई, अठरा हजार सातशे आले," ती ओरडली. "डब्यात तर सतराच हजार सातशे मोजले ना आपण? पप्पांनी हजार कमी आणले!"

बायको कणीक मळत होती. हसत म्हणाली, "कुठं ठिवले ओ हजार? दुसरा डबा केला की काय?"

ती गंमतच करत होती. मीही हसून सांगू शकलो असतो. त्याच क्षणी सांगितलं असतं तर चार दिवस अबोला झाला असता, फार तर आठ. पण मी कप खाली ठेवला, वही ओढली आणि म्हणालो, "हातचा विसरलीस तू."

"नाही विसरले. हे बघा ना, पाचातून आठ जात नाहीत, म्हणून हजारातला एक घेतला. इथं दोनाचा एक केलाय. मग एकातून तीन जात नाहीत, म्हणून शेजारचा एक घेतला. अकरातून तीन गेले, आठ."

"तो हातचा वजा कुठं केलास?"

"केलाय की, पप्पा."

"पुन्हा एक कर."

"दोनदा करायचा?"

"मी सांगतोय ना!"

आवाज जरा चढला माझा. मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली, आठ खोडला आणि सात लिहिला. सतरा हजार सातशे. डब्यातल्या पैशांशी आकडा जुळला. बायको म्हणाली, "बघ, मुनीमबाई चुकली की गं!" मुलीनं वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं वही दप्तरात ठेवली.

चार दिवसांनी वही तपासून आली. सातावर लाल फुली होती. शेजारी मॅडमनी आठ लिहिलं होतं आणि खाली शेरा: हातच्याकडे लक्ष दे. तिनं ते पान माझ्यापुढं धरलं. "पप्पा, मॅडमनी सात चूक दिलाय."

मी काय म्हणालो असेन? "मॅडमना घाई असेल." हेच शब्द. ते मला आठवतात, कारण ते म्हणताना मी तिच्याकडे न बघता मोजे काढत होतो. मॅडमना तिनं हे सांगितलं नाही की तो सात पप्पांनी लिहिलाय. आईलाही नाही. तिला तेव्हा खरं कळलं होतं का? मला ठाऊक नाही. कळलं असेल तर तिनं मला झाकलं. नसेल कळलं तर दहा वर्षांच्या पोरीला एवढंच समजलं, की आठ लिहिलं तर घरी चुकतं आणि सात लिहिलं तर शाळेत.

आणि घरात ती चेष्टाच होऊन बसली. भाजी आणायला गेली आणि सुटे पैसे कमी आले, की बायको म्हणायची, "हातचा विसरली असंल." जिना उतरताना खाला विचारायची, "क्या गे बच्ची, हातचा मिल्या क्या तेरा?" सगळे हसायचे. तीही हसायची. मीसुद्धा हसायचो.

पगाराच्या संध्याकाळी ती हळूहळू दुसऱ्या खोलीत जाऊन बसायला लागली. "आई, तूच मोज." सातवीत गणिताचे मार्क खाली आले. बायकोनं ठरवलं, शिकवणी लावायची. शिकवणीची फी मधल्या वाटीत मावेना, म्हणून ती साड्यांना फॉल-पिको करायला लागली. दुपारभर मान खाली. रात्री मान धरली म्हणून मला बाम चोळायला सांगायची आणि म्हणायची, "पोरीचा पायाच कच्चा राहिला ओ. आपल्याच ध्यानात आलं नाय." मी बाम चोळत राहायचो. पाया कच्चा नव्हता. तीन वर्षं आम्ही, म्हणजे तिनं, त्या न झालेल्या चुकीची फी भरली.

दहावीला मी एकदा तिच्याजवळ बसलो. चाळीसातून पंधरा वजा करायचे होते. तिनं पंचवीस लिहिले, मग बाजूला पंचवीस अधिक पंधरा करून पाहिलं, मग खोडून पुन्हा मांडलं. मी म्हणालो, "बरोबर आहे बाळा, पुढं जा." ती अगदी साधेपणानं म्हणाली, "थांबा पप्पा, बघू द्या." माझ्या बरोबरला तिच्याकडे किंमत नव्हती, आणि का नाही हे मला विचारता येत नव्हतं. परीक्षेत तिचे दोन प्रश्न लिहायचे राहून गेले. उत्तरं येत होती. वेळ पुरला नाही.

यंदा अकरावीचा फॉर्म भरायला आम्ही दोघं नेट कॅफेत गेलो. तिनं कला शाखा सांगितली. मी म्हणालो, "वाणिज्य बघ की. लहानपणी किती भराभर मोजायचीस."

"ते डब्यातलं होतं हो. गणित नको पप्पा. मला एकेक गोष्ट दोन-दोनदा करावी लागते. कला चांगलीच आहे, मला आवडतं."

तिला खरंच आवडतं, की तिनं आवडून घेतलंय? कॅफेतल्या मुलानं मान वळवली. "काका, करू का लॉक? नंतर बदलता येणार नाही." तोंडाशी सगळं आलं होतं. टपरी, फॉर्म, फाडलेली पट्टी, सगळं. मागं रांगेत तीन-चार पालक उभे होते. पुन्हा तीच भीड.

मी म्हणालो, "कर."

येताना तिनं उसाचा रस घेऊया म्हटलं. दोन ग्लास घेतले. ती नव्या कॉलेजला कोणती बस जाते याबद्दल बोलत होती आणि मी हो, हो म्हणत होतो.

पतपेढीचं कर्ज फिटून तीन वर्षं झाली, तिथली पावती माझ्या कपाटात आहे. घरातलं फिटलेलं नाही. बायकोला मी हे सांगण्याचं देणं लागतो, की शब्द देऊन मी दुसऱ्यांदा सही केली. मुलीला हे सांगण्याचं देणं लागतो, की ती चुकली नव्हती, मी खोटं बोललो होतो; आणि हे तिच्या आईसमोरच सांगायला हवं, कारण खोटंही आईसमोरच बोललो होतो. यातलं मी अजून काहीही सांगितलेलं नाही.