भरतापुरती पऱ्हाटी

लेखन हा माझा प्रांत नव्हे, हे आरंभीच कबूल करून वाचकांची क्षमा मागतो. धुळ्याच्या एका महाविद्यालयात मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. पण वर्गातही माझे तोंड विद्यार्थ्यांपेक्षा फळ्याकडे अधिक असे. निवृत्तीनंतर दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो, तोही इथे कोणी चार शब्द बोलायला सांगणार नाही, या भरवशावर. अशा माणसाने साठी उलटल्यावर आठवणी लिहायला घ्याव्यात आणि त्या इतरांनी वाचाव्यात अशी अपेक्षा करावी, हा आगाऊपणाच आहे. तथापि माझ्यापुढे एक प्रश्न उभा राहिला आहे, तो मला एकट्याला सुटत नाही, आणि तो नीट विचारायचा तर मागची हकीकत सांगणे भाग आहे.

हकीकतीचे मूळ आमच्या घरातच आहे. माझी पत्नी यावलकडची, केळीच्या बागांत वाढलेली. बोलण्यात मी जेवढा मागे, तेवढीच ती पुढे. गावी आल्यावर तिने बायकांचा बचतगट उभा केला, आणि पापड-मसाल्यांत तिचे मन रमेना म्हणून गटासाठी एक यंत्र आणले. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात जी वाळकी झुडपे उभी राहतात, ती पऱ्हाटी. आमच्याकडे बहुतेक शेतकरी ती उपटून बांधावर पेटवून देतात. हे यंत्र तिचा भुसा करते आणि तो दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या पाडते. व्यापारात त्यांना पांढरा कोळसा म्हणतात. चाळीसगावकडच्या एका कारखान्याने आपल्या बॉयलरला दगडी कोळशाऐवजी या कांड्या घालून पाहण्याचे कबूल केले होते; मात्र उन्हाळा सरेपर्यंत माल खंडणार नाही, अशी हमी गटाने द्यायची होती. हमी द्यायची तर गावातल्या जवळजवळ सगळ्या शेतांतली पऱ्हाटी गटाला मिळायला हवी. ती मिळाली नाही, तर यंत्र शेडमध्ये गंजणार आणि गट मोडणार, हे उघड होते. “सासरचे हसले तर हसू देत,” पत्नी म्हणे, “पण माहेरी कळता कामा नये.” तिला ही गोष्ट किती लागली आहे, ते मला त्या वाक्यावरून कळत असे.

गावात पऱ्हाटी कुणालाच नको होती. म्हणजे, कोणी ती मागेपर्यंत नको होती.

मारुतीच्या पारावर बैठक बोलावली, तेव्हा बोलण्याचे काम माझ्याकडे आले. “तुमच्या शिक्षणाचा आयुष्यात एकदा तरी गावाला उपयोग होऊ द्या,” असे पत्नीचे म्हणणे पडले. मी कार्बनचे चक्र समजावून सांगितले. झाड वाढताना हवेतून जे घेते तेच जळताना परत करते, आणि जमिनीखालचा दगडी कोळसा मात्र नवी भर घालतो, हे मी बोटाने वर्तुळे काढून दाखवले. वर्तुळे काढायला देवळाची भिंत सोयीची वाटली, त्यामुळे माझे बहुतेक भाषण मारुतीने ऐकले आणि गावाने माझी पाठ पाहिली.

आमच्या गावात शेवटचा शब्द नानांचा. पंच्याहत्तरी ओलांडलेले, सडसडीत, अजून स्वतःच्या शेतात पहाटे जाणारे नाना दोन कारणांनी थोर आहेत. एक म्हणजे ते कधीच घाईने हो म्हणत नाहीत. दुसरे म्हणजे त्यांच्या हातचे भरीत. हिवाळ्यात शेतात भरीत करणे हे आमच्याकडे पुरुषांचे काम, आणि नाना ज्याच्यावर रुसतात त्याला त्यांच्या शेतावरचे आमंत्रण येत नाही. ही शिक्षा गावात कोर्टाच्या निकालापेक्षा भारी मानली जाते.

नानांनी एक कांडी हातात घेतली, हुंगली, गुडघ्यावर आपटून पाहिली आणि मला विचारले, “मास्तर, याले काय म्हनतस?”

“पांढरा कोळसा,” मी म्हणालो.

“पांढरा म्हनतस, पन हाई ते तांबडं शे. कोयसा म्हनतस, पन हाई ते लाकूड शे. नावमाज इतलं खोटं, मंग बाकीनं खरं कसं मानानं?”

लोक हसले. मीही हसलो, कारण आक्षेप रसायनशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होता.

मग नानांनी पारासमोरच्या खांबाकडे हात केला. तो सौरदिव्याचा खांब. काही वर्षांपूर्वी बाहेरची काही मंडळी आली, दिवा लावला, गावाला त्याच्याभोवती उभे करून फोटो काढले आणि गेली. दिवा एक पावसाळा जळला. त्यानंतर फोन केला की “माणूस निघाला आहे” असे उत्तर मिळे. तो माणूस अजून निघालेलाच आहे. खांबाला हल्ली नानांची म्हैस बांधलेली असते.

“पयले त्या मानूसले येऊ द्या,” नाना म्हणाले, “मंग तुम्हनं देखूत.” आणि उठता उठता, सगळी पऱ्हाटी गटाला गेली तर काय, हा खरा मुद्दा त्यांनी काढला. “नि बठ्ठी पऱ्हाटी तुम्ही लई गयात, ते भरीत कसावर भाजानं?”

माझ्या भाषणाने जे झाले नव्हते, ते या प्रश्नाने झाले. या वेळी लोक विचार करीत होते. खानदेशाबाहेरच्या वाचकांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी ते भरीत खाल्लेले नाही. पऱ्हाटीचा जाळ झटकन चढतो, मोठ्या हिरव्या वांग्याची साल बघता बघता करपते, आणि आतल्या गराला धुराचा असा वास लागतो की गॅसवर भाजलेले वांगे त्याच्यापुढे उकडल्यासारखे वाटते.

“मग याच कांड्यांवर भाजून दाखवू, नाना,” माझी पत्नी म्हणाली. “तुमच्याच शेतात. तुमच्याच वांग्यांचं.”

मी खोकलो. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात हा खोकला तिने कधीच ऐकलेला नाही.

पौषातल्या एका दुपारी नानांच्या शेतात अर्धे गाव जमले. पुऱ्या तळण्याचे काम बायकांनी विहिरीजवळच्या झाडाखाली मांडले. भाजण्यासाठी खड्डा काढला होता. गटात यंत्र चालवणारी एक अक्का आहे. तिचा आवाज यंत्राहून मोठा, त्यामुळे ते सुरू असतानाही तिचे म्हणणे सर्वांना कळते. तिने कांड्या रचल्या, खाली पालापाचोळा घातला आणि काडी लावली. धूर पुष्कळ झाला. जाळ झाला नाही.

“मास्तर, तवलग तुम्ही भाषन करा,” कोणीतरी म्हणाले.

खानदेशी माणूस दुसऱ्याची शेती बिघडताना पाहू शकेल, पण दुसऱ्याची चूल बिघडताना त्याला हात बांधून बसवत नाही. पहिल्याने पुढे येऊन सांगितले की रचणच चुकली आहे, आणि ती मोडून पुन्हा रचली. दुसऱ्याने कांड्यांचे तुकडे केले. तिसऱ्याने पुऱ्यांच्या कढईतले पळीभर तेल आणून ओतले, त्यावरून विहिरीकडून त्याला जे ऐकून घ्यावे लागले, ते मी इथे लिहीत नाही. चौथा आडवा पडून फुंकर मारू लागला.

“फुकू नका, भाऊ,” अक्का ओरडली, “हाई काय बासरी शे का?”

“तुना मशीनना माल पेटत नही, नि बोल माले लावस?”

“माल पेटस. तुम्हना हात थांबी ते पेटी.”

नाना इतका वेळ बाजेवर हाताची घडी घालून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो. प्रथम त्यांची बोटे हलली, मग पाय. शेवटी ते उठले, “सरका” म्हणाले, आणि वाऱ्याच्या बाजूने खड्ड्याचा काठ खोदून वाट केली. कांड्या त्यांनी उभ्या लावल्या. हळूहळू त्यांच्या पोटात लाल धग धरली, आणि एकदा धरली ती मग सुटेना. वांगी लावली. परतायला नाना, तेल चोपडायला आणखी कोणी, साल काढायला सगळेच. लाकडाच्या खोलगट बडजीत हिरव्या मिरच्या, लसूण आणि वांग्याचा गर ठेचायला तर पाळी लावावी लागली. शेंगदाणे आणि कांद्याची पात पडेपर्यंत उन्हे कलली होती आणि पोटात कावळे ओरडत होते. एवढ्या गर्दीत काही न करता बसलेला मी एकटाच. मदत करू का, असे विचारण्याइतका धीर मला झाला नाही.

पंगत बसली आणि मला एक गोष्ट जाणवली. भरताच्या जेवणात नावे ठेवणे हा आमच्याकडे जेवणाचा निम्मा भाग असतो. मीठ कोणी घातले, मिरची कुठली, वांगी शिळी होती का, यावर पुऱ्या संपेपर्यंत वाद चालतो. त्या दिवशी कोणी काही बोलेना. जो तो आपला खाली मान घालून खात होता. भरीत बरे होते. वाईट म्हणता येणार नाही असे. पण धुराचा तो वास जेमतेम होता, आणि हे प्रत्येकाच्या जिभेला कळले होते. बोलायची मात्र सोय नव्हती, कारण त्या भरताला ज्याचा हात लागला नाही, असा माझ्याखेरीज तिथे कोणी नव्हता. नावे ठेवावीत तर शेजारचा विचारणार, फुंकर कोणी मारली होती?

नानांनी पान पुसून घेतले आणि माझ्या पत्नीला हाक मारली. साठीला टेकलेल्या माझ्या पत्नीला ते अजून सूनबाई म्हणतात.

“सूनबाई, खरं सांग. कसं शे?”

मी मनातल्या मनात तिच्यासाठी उत्तर जुळवत होतो. संथ धगीने गर एकसारखा शिजतो, कडवटपणा येत नाही, असे काही सांगता आले असते. ते सगळे शास्त्राला धरून होते.

“नाना, पऱ्हाटीवरचंच चांगलं लागतं,” ती म्हणाली. “हे त्याच्या खालचं. बॉयलरला चालेल, भरताला नाही.”

अक्काने कपाळावर हात मारला. मला वाटले, यंत्र गेले. नानांनी खड्ड्यातल्या धगीकडे पाहिले. ती अजून तशीच होती. पऱ्हाटी असती तर एव्हाना राख होऊन वाऱ्यावर गेली असती.

“त्या दिवावाला कधीज असं बोलनात नहीत,” ते म्हणाले. मग मागे वळून गावाला आपला होकार सांगितला, “पऱ्हाटी देवानी. पन दर घरनी एक भारा भरीतकरता ठेवाना. त्याले गटनी हात लावाना नही.”

“कबूल,” पत्नी म्हणाली.

“भारा केवढा?” अक्काने विचारले. यंत्र चालवणारीला असे प्रश्न सुचतात.

नानांनी माझ्याकडे बोट केले. “ते मास्तर ठरावतीन. बठ्ठास्नी आगमा हात घाला. एकटा यास्नीज काही करं नही.”

माझ्या आयुष्यात मला मिळालेला हा एकमेव बहुमान, आणि तो काही न केल्याबद्दल.

आता अडचण अशी आहे की नानांनी आपला भारा बांधला. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसत नाही. मी भीत भीत विचारले, “नाना, हा एक भारा?”

“हाऊज. लेकी येतस, जवाई येतस, जवाईना दोस्तदार येतस. भरीत त्यास्ले नही घालानं का?”

नानांचा पाहून शेजाऱ्याने आपला बांधला, त्याचा पाहून पुढच्याने. अशाने यंत्राच्या वाट्याला काय उरणार, म्हणून निदान शास्त्रीय उत्तर काढावे, या हेतूने मी आमच्या परसात स्वतः वांगी भाजून पाहिली. वासाने शेजारी आले, त्यांनी प्रयोग खाऊन टाकला, आणि जाताना प्रत्येकाने सांगितले की पऱ्हाटी थोडी कमीच पडली.

पत्नी म्हणते, बाजाराच्या दिवसापर्यंत काय ते सांगा. कारखान्याला हमी कळवायची आहे. मी लहान भारा सांगितला, तर गाव म्हणेल की शेतात एक कबूल केले आणि घरी जाऊन बदलले, आणि मग त्या खांबाशेजारी आमच्यासाठीही एक खांब उभा राहील. मोठा सांगितला, तर यंत्र उपाशी, आणि बातमी यावलला. नाना रोज पारावर मला पाहून नुसते हसतात. या वर्षी त्यांच्या शेतावरचे आमंत्रण मला आहे, एवढे मात्र कळले आहे.

म्हणून हा लेखनाचा आगाऊपणा. आपल्यापैकी कोणी भरताच्या घरात वाढले असेल, तर कृपा करून सांगावे: पाहुणे धरून एका घराला एका हिवाळ्यात भरतासाठी पऱ्हाटी लागते तरी किती?